११ ऑक्टोबरचे इंजिन

गेली दीड वर्षे माझ्या टेबलावर डब्ल्यूडीएम-२ वर्गाच्या एका डिझेल इंजिनाची एकास सत्त्याऐंशी प्रमाणातील प्रतिकृती पडून होती. मागच्या आठवड्यात तिचे काम एकदाचे संपले. ती मी एका संग्राहकाकडून जुनी म्हणून विकत घेतली होती. एका छोट्या कारागिराने रेझिनमध्ये छापलेली बॉडी, तिच्याखाली या वर्गाची पहिली इंजिने बांधणाऱ्या अल्को कंपनीच्याच एका अमेरिकन सहा आंसांच्या इंजिनाची चासी आणि वर निळ्या-मलई रंगाची चकचकीत रंगसंगती, असे तिचे स्वरूप होते. दिसायला ती छान होती, पण ती कोणत्याही खऱ्या इंजिनासारखी नव्हती. दिव्याची ठेवण एका दशकातली होती, होजपाइप दुसऱ्या दशकातले होते, आणि बाजूवर लिहिलेला क्रमांक कोणत्या शेडचा, हे विकणाऱ्यालाही सांगता आले नाही.

डब्ल्यूडीएम-२ हे भारतीय रेल्वेवरचे एके काळी अगदी नेहमीच्या पाहण्यातले डिझेल इंजिन. अमेरिकेतील अल्को कंपनीकडून पहिली इंजिने १९६२ साली आली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात त्यांची बांधणी सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके ती चालूच राहिली. सोळा सिलिंडरचे २५१-बी इंजिन, २६०० अश्वशक्ती, ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादा, ही माहिती कोणत्याही रेल्वेप्रेमीला तोंडपाठ असते. इतकी वर्षे आणि इतक्या संख्येने बांधल्या गेलेल्या यंत्राच्या बाबतीत ‘डब्ल्यूडीएम-२ कसे दिसते’ या प्रश्नाला मात्र एक उत्तर नाही. प्रत्येक शेडने आपापल्या आवडीने रंग दिले, प्रत्येक वर्कशॉपने पीओएचच्या, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीच्या, वेळी काही काढले, काही बसवले, आणि त्यानंतर ऊन, पाऊस, तेल व काजळी यांनी आपले काम केले. त्यामुळे प्रतिकृती खऱ्यासारखी करायची असेल, तर आधी इंजिन ठरवावे लागते, आणि इंजिन ठरवून भागत नाही, तारीखही ठरवावी लागते. तारीख न ठरवता रंगाची बाटली उघडणाऱ्यांपैकी मी अनेक वर्षे होतो. त्या काळातली माझी इंजिने आता खोक्यात आहेत.

माझी तारीख ११ ऑक्टोबर २००८ ही आहे. त्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास कराड स्थानकावर मी कोयना एक्स्प्रेसची वाट पाहत उभा होतो. स्थानक गावापासून दूर ओगलेवाडीला असल्यामुळे तिथे गर्दी बेताची असते आणि फोटो काढणाऱ्या माणसाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. त्या काळी मुंबईहून येणाऱ्या गाडीचे विजेचे इंजिन पुण्यात सुटत असे आणि पुढे कोल्हापूरपर्यंत डिझेल लागत असे. त्या दिवशी पुणे शेडचे विटकरी लाल रंगाचे, मधून मलई रंगाचा रुंद पट्टा असलेले डब्ल्यूडीएम-२ शॉर्ट हूड, म्हणजे केबिनच्या बाजूचे आखूड नाक, पुढे करून आले. गाडी थांबली तेवढ्या वेळात मी चौदा फोटो काढले. त्यांतले अकरा उपयोगाचे निघाले आणि त्या अकरा फोटोंवरच हे सारे काम उभे आहे.

फोटो पाहताना पहिली अडचण क्रमांकाची आली. केबिनखालच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा कठड्याच्या उभ्या दांड्याआड अर्धा लपला होता. तो तीन आहे की आठ, यावर मी आणि माझा एक मित्र तासभर बोलत बसलो. शेवटी समोरून घेतलेल्या, किंचित हललेल्या एका फोटोत हूडच्या तोंडावरचा तोच क्रमांक दिसला आणि तीनवर शिक्कामोर्तब झाले. दुसरी अडचण मोठी होती. संध्याकाळचे ऊन पश्चिमेकडून येत असल्यामुळे माझ्याकडे इंजिनाची एकच बाजू स्पष्ट आहे. या वर्गाच्या इंजिनांच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, म्हणून उजव्या बाजूची आरशात पाहिल्यासारखी नक्कल डावीकडे करता येत नाही. त्याच इंजिनाचा दुसऱ्या बाजूचा एक फोटो मित्राकडे मिळाला, पण तो पुढच्या वर्षी मिरजेला काढलेला होता आणि तोपर्यंत इंजिनाला नवा रंग लागला होता. मी त्या फोटोतून दारे, झडपा आणि पायऱ्या घेतल्या, रंग आणि मळ घेतला नाही.

आता प्रत्यक्ष काम. जुना रंग काढण्यासाठी आयसोप्रोपाइल अल्कोहोल हा चांगला उपाय आहे. प्लॅस्टिकच्या बॉडीला त्याने सहसा इजा होत नाही, आणि तासाभरात रंग सालीसारखा सुटू लागतो. छापील रेझिनचे तसे नाही. मी बॉडी वेळेवर बाहेर काढली, पण केबिनच्या पायऱ्या आणि कॅटल गार्ड हे सुटे भाग डबीत रात्रभर विसरलो. सकाळी चिमट्याने उचलताना त्यांचा भुगा झाला. ते सारे मग स्टायरिन प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांतून नव्याने कापावे लागले. एका अर्थी ते बरेच झाले, कारण छापील पायऱ्या पाटासारख्या जाड होत्या.

चासीची गोष्ट थोडी गणिताची आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. या प्रमाणात तिचे १९.२ मिलिमीटर व्हायला हवेत, पण बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजच्या हिशेबाचा असतो. काही जिद्दी लोक स्वतःचे रूळ घालतात. माझ्यात ती जिद्द नाही. पण रूळ अरुंद ठेवला तरी बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा गाडा, अरुंद ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकन बोगीच्या बाजूच्या चौकटी मी दोन्हीकडे सव्वा मिलिमीटर जाडीच्या स्टायरिनच्या तुकड्यांवर बाहेर सरकवल्या. चाके आत सावलीत राहिली आणि समोरून पाहताना इंजिन खऱ्या इंजिनासारखे पाय पसरून उभे राहिले. ब्रेकचे ठोकळे आता चाकांच्या रेषेत नाहीत, पण तिथवर वाकून पाहणारा पाहुणा अजून घरी आलेला नाही. ट्रायमाउंट नावाच्या या तीन आंसांच्या बोगीत मधला आंस मध्यावर नसतो. ही बोगी अल्कोच्या घराण्यातली असल्यामुळे ते अंतर आपोआप जुळले. चाकांचा व्यास मात्र जुळला नाही. डब्ल्यूडीएम-२ चे नवे चाक १०९२ मिलिमीटरचे, म्हणजे प्रतिकृतीत साडेबारा मिलिमीटरचे, आणि चासीची चाके त्याहून जवळजवळ एका मिलिमीटरने लहान. लेथवर अनेकदा कातलेले चाक लहान होतच जाते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली आणि पुढे गेलो.

समोरच्या बाजूवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण इंजिनाचे वय तिथेच कळते. मूळ बॉडीवर एकच मोठा गोल हेडलाइट होता. २००८ पर्यंत माझ्या इंजिनावर जोडदिव्यांचा हेडलाइट बसला होता, म्हणून जुना दिवा कानसून सपाट केला आणि स्टायरिनची चौकट करून तीत दोन एलईडी बसवले. पिवळा फ्लॅशर दिवा मूळ बॉडीवर नव्हताच, तो एका टाचणीच्या डोक्यातून तयार झाला. त्यानंतर बफर बीम, म्हणजे बफर बसवलेली समोरची आडवी तुळई. ज्या काळात गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवरून एअर ब्रेकवर जात होत्या, त्या काळातल्या इंजिनांना दोन्ही पद्धतींची जोडणी दिलेली असे, आणि माझ्या फोटोत ती अगदी स्पष्ट दिसते. व्हॅक्यूमचा एक जाडजूड, वळ्यावळ्यांचा होजपाइप आणि त्याच्या शेजारी एअर ब्रेकचे बारीक पाइप. त्यांतील ब्रेक पाइपचा कॉक हिरवा आणि फीड पाइपचा पांढरा. व्हॅक्यूमच्या पाइपसाठी मी बरेच काही करून पाहिले. शेवटी भाच्याच्या गिटारची तुटलेली, गुंडाळीची जाड तार हाती लागली. सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीच्या त्या तारेवर जन्मतःच वळ्या असतात. तिला बाक देऊन काळा रंग दिला, की लहान होजपाइप तयार. बफरच्या तबकड्यांवर ग्रीसचा काळा ओलसर डाग लागतो. बाकी सगळीकडे मंद फिनिश असताना तेवढ्या दोन ठिपक्यांवर चमकदार वार्निश लावले.

कठडे सगळे पितळी तारेचे केले. खरा पाइप सुमारे सव्वा इंची असेल असे धरले, तर प्रतिकृतीत ०.३७ मिलिमीटर येतो. मी ०.४ ची तार वापरली. प्रत्येक उभ्या दांड्यासाठी पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने, भोक पाडायचे, दांडा घालायचा, आडवी तार झाळायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. केबिनच्या काचांवरच्या जाळीसाठी मात्र चहाची एक बारीक स्टीलची गाळणी कामी आली. घरात नवी गाळणी आणून द्यावी लागली.

रंग हा या छंदातला सर्वांत फसवा भाग आहे, कारण प्रत्येकाला वाटते की फोटोत दिसतो तोच रंग. माझे फोटो संध्याकाळी पाचचे. त्या उन्हात विटकरी लाल रंग नारिंगीकडे झुकतो आणि मलई रंग लोण्यासारखा पिवळा दिसतो. मी पहिल्यांदा संगणकावर इंजिनावरचा रंग उचलून तसे मिश्रण केले, तेव्हा पत्र्यावर गाजराचा रंग आला. मग लक्षात आले की फोटोतच एक मापदंड पडलेला आहे. फलाटाच्या कडेचा चुन्याचा पांढरा पट्टा त्या फोटोत कितपत पिवळा झाला आहे ते पाहायचे आणि तेवढा पिवळेपणा साऱ्या फोटोतून वजा करायचा. एवढे केल्यावर लाल रंग जागेवर आला. त्यातही तो बाटलीतून काढून जसाच्या तसा लावता येत नाही. दोनशे मिलिमीटरच्या आत मावणाऱ्या वस्तूवर गडद रंग अधिकच गडद दिसतो, म्हणून मी त्यात थोडा फिका राखाडी मिसळतो. किती, याला माझ्याकडे सूत्र नाही. खिडकीत दिवसाच्या उजेडात, हाताच्या अंतरावर धरून पाहायचे आणि डोळ्यांना पटेपर्यंत थेंब घालायचे.

एअरब्रशने आधी राखाडी प्रायमर, मग मलई आणि सर्वांत शेवटी लाल, असा क्रम ठेवला. फिका रंग आधी लावण्याचे कारण उघड आहे. लालावर मलई झाकायची तर थरांवर थर द्यावे लागतात, आणि दारांच्या बिजागऱ्या व झडपांच्या रेघा बुजून जातात. पट्ट्याच्या जागी मास्किंग टेप लावल्यावर टेपच्या कडेवरून पुन्हा मलईचाच एक पातळ हात मारला. टेपखाली रंग शिरायचाच असेल तर तो मलईच शिरतो, ती फट बुजते, आणि त्यावर दिलेला लाल बाहेरच थांबतो. ही युक्ती मला माहीत असूनही रेडिएटरच्या झडपांवर लाल झिरपलाच, कारण टेप त्या खाचांत उतरत नाही. तिथे काडीने द्रवरूप मास्क भरावा लागतो. मी ते दुसऱ्या बाजूला केले आणि पहिल्या बाजूची डागडुजी तीन केसांच्या कुंचल्याने केली.

मग ऑगस्ट आला. पुण्यात ऑगस्टमध्ये लॅकर मारू नये, हे मला कोणीतरी सांगितलेही होते. बाल्कनीत बाहेर रिमझिम चालू असताना मी शेवटचा संरक्षक हात मारला आणि दहा मिनिटांत सारे इंजिन दुधाळ झाले. पातळक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि थरात अडकते. दोन दिवस मी त्याच्याकडे पाहिलेच नाही. त्यानंतर सावकाश सुकणारे पातळक अगदी विरळ फवारले, तेव्हा थर पुन्हा सैल होऊन पाणी निघून गेले आणि लाल रंग परत दिसला. नवरात्र येईपर्यंत मी एअरब्रशला हात लावला नाही.

अक्षरांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण भारतीय इंजिनांच्या प्रतिकृती बहुधा इथेच खोट्या पडतात. क्रमांक, मध्य रेल्वेची आद्याक्षरे, शेडचे नाव, हे सारे पेंटरच्या हातचे असते. संगणकावरच्या देवनागरी टंकातून ‘पुणे’ लिहून पाहिले, तर शिरोरेखा पट्टीने ओढल्यासारखी सरळ आणि ‘णे’ची मात्रा कोनमापकाने ठरवल्यासारखी येते. माझ्या फोटोतल्या ‘पुणे’मध्ये ‘पु’चा उकार लांब शेपटीसारखा डावीकडे वळला आहे, ‘ण’ची दुसरी उभी रेघ शिरोरेखेच्या जरा वर डोकावते आणि ‘णे’साठी जागा कमी पडल्यामुळे मात्रा दाबून बसवलेली आहे. पेंटरने ‘पु’ जरा ऐसपैस काढला आणि मग त्याला बिजागरी आडवी आली, असा माझा अंदाज. मी फोटो सरळ करून, दाराच्या रुंदीशी प्रमाण काढून ती अक्षरे जशीच्या तशी गिरवली. प्रतिकृतीत त्यांची उंची जेमतेम दोन मिलिमीटर आहे.

गिरवणे सोपे होते, छापणे नाही. घरचे प्रिंटर पांढरा रंग छापत नाहीत. कागदाचा पांढरेपणा गृहीत धरूनच ते चालतात, आणि डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांचा, कागद पारदर्शक असतो. लाल पार्श्वभूमीवर मलई अक्षरे उमटायची तर खाली पांढरा थर हवाच. शेवटी गडद कागदावर पांढऱ्या टोनरने लग्नपत्रिका छापणारे एक दुकान सापडले. काउंटरवरच्या काकांनी फाइल उघडून बराच वेळ पाहिली आणि विचारले, “यात मजकूर कुठे आहे?” मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे बोट दाखवले. “अहो, हे वाचणार कोण?” असे म्हणून त्यांनी चार प्रती काढून दिल्या आणि एकीचेच पैसे घेतले. डेकल बसवण्याआधी तेवढ्या भागावर चकचकीत वार्निशचा हात हवा. खरबरीत पृष्ठभागावर अक्षरांखाली हवा राहते आणि कडेला चांदीसारखी झाक येते. पाण्यातून सरकवून जागेवर आणल्यावर मऊ करणारे द्रावण लावले, तेव्हा पातळ पडदा बिजागरीवर चुरगळून पुन्हा ताणला गेला आणि अक्षरे पत्र्यावरच लिहिल्यासारखी दिसू लागली.

जुनेपणा आणण्याच्या बाबतीत माझे मत जरा कडक आहे. दुसऱ्यांच्या प्रतिकृती पाहून मळ लावू नये. तसे केले की सगळ्यांची इंजिने एकाच चिखलातून आल्यासारखी दिसतात. माझ्या फोटोत छताचा लाल रंग उडून गुलाबीसर झाला आहे, धुराड्याभोवती मखमली काळी काजळी आहे, पण हूडच्या बाजू बऱ्याच स्वच्छ आहेत. एक्स्प्रेसरच्या, म्हणजे ब्रेकसाठी हवा दाबणाऱ्या व व्हॅक्यूम करणाऱ्या यंत्राच्या, दारांखाली तेलाचे दोन लांब ओघळ आहेत. केबिनच्या दाराशेजारचा कठडा हातांनी घासून उघडा पडला आहे. बोगी काळ्या नाहीत, ब्रेकच्या भुकटीने तपकिरी झाल्या आहेत, आणि रुळावर वाळू सोडणाऱ्या नळ्यांपाशी ती तपकिरी छटा फिकट होते. हे सारे मी तेलरंगांच्या पातळ धुण्याने आणि खडूच्या भुकटीने केले. कठड्याला मात्र रंग लावून तो पुन्हा खरवडला, कारण खालचे पितळ फार पिवळे चमकते आणि त्यावर पेन्सिलीचे शिसे घासावे लागते.

आवाजाची चिप बसवली आहे. अल्को २५१ चा आवाज तयार मिळतो, हॉर्न आपल्याकडचा मिळत नाही, म्हणून तो मी बंद ठेवतो.

आता उरला एक तपशील, जो मी शेवटपर्यंत टाळत आलो होतो. त्या वर्षी दसरा ९ ऑक्टोबरला होता. शेडमध्ये त्या दिवशी इंजिनांची पूजा होते, आणि दोन दिवसांनी कराडला आलेल्या माझ्या इंजिनाच्या समोरच्या कठड्यावर झेंडूचा हार अजून लोंबत होता. अकराही फोटोंत तो आहे. तो वगळला असता तर कोणाला कळले नसते, पण मग तारखेचा एवढा आग्रह कशासाठी धरला? पाच सेंटिमीटरचे फूल या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहून थोडेसे मोठे होते. शिवणाच्या दोऱ्याला गोंद लावून तो स्पंजच्या बारीक चुऱ्यात घोळवला, चुरा आधी पिवळ्या-नारिंगी रंगात बुडवून वाळवला होता, आणि चिमट्याने कठड्याला दोन टोके बांधली. लाल रंगावर हार फारच सुंदर दिसला. मी तो आईला दाखवला. तिने चष्मा वर करून इंजिन डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाली, “अरे, हा दसऱ्याचा ना? तिसऱ्या दिवशी झेंडू एवढा पिवळा राहतो होय?”

मी फोटो पुन्हा उघडून पाहिला. हार तपकिरी पडला होता, आणि खालच्या बाजूला तर जवळजवळ काळा. त्या रात्री जुना हार सोडवला आणि चुऱ्याची दुसरी वाटी भिजत घातली.